टेन्शन कुठून सुटलं?

आमच्या कॉलनीत टेन्शन यायला कोणाची हरकत नाही, पण आलेलं टेन्शन बोलून दाखवायची सोय राहिलेली नाही. तोंडातून शब्द निघाला की समोरच्या घराच्या ओट्यावरून प्रश्न येतो, "कुठून सुटलं?"

विचारणारे एकनाथ नाना. तुमचा गॅस संपलेला असो की नवऱ्याची बदली झालेली असो, नानांना आधी कळलं पाहिजे की हे टेन्शन कुठून सुटलं, किती वाजता सुटलं आणि कोणत्या प्रकारचं आहे. त्याशिवाय ते तुम्हाला घरात जाऊ देत नाहीत. एकदा दुधाची पिशवी हातात घेऊन मी शेजारच्या बाईंना नुसतं म्हटलं, "आज फार टेन्शन आहे हो." नानांची चौकशी पुरी होईपर्यंत वीस मिनिटं गेली. जळगावचा एप्रिल महिना. दूध तापवायला ठेवलं आणि नासलं. सकाळच्या टेन्शनचं राहू द्या, त्या दुधाचं टेन्शन कुठून सुटलं ते मला पक्कं माहीत होतं.

हे मी कौतुकाने लिहितेय असं कोणाला वाटत असेल तर आधीच सांगते, या माणसाचा मला सहा वर्षं मनापासून राग येत होता.

नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर काचेच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या पुकारतात ते. चौतीस वर्षं त्यांनी शिरपूर, धुळे आणि शेवटी जळगावला गाड्या पुकारल्या. निवृत्त झाल्यावर माइक सरकारजमा झाला, आवाज मात्र घरी आला. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, नुसता चहा ठेवला तरी नाना ओट्यावरून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगतात, "चहा पाच मिनिटं उशिराने येत आहे." त्यांच्या दोन भाषा आहेत. पुकारायची स्वच्छ पुस्तकी मराठी, आणि चिडले किंवा गहिवरले की गावाकडची अहिराणी. मला सहा वर्षं पहिलीच भाषा ऐकायला मिळाली. मला ते "ताई" म्हणत.

वेळेच्या बाबतीत हा माणूस माणसात नाही. मागच्या वर्षी असोद्याला एका लग्नात आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो होतो. वरण-बट्टी वाढत होते. दुसरी बट्टी ताटात पडली, नानांनी घड्याळ बघितलं आणि उठले. यजमान मागे धावले, नवरदेवाचे मामा हात धरू लागले. नाना म्हणाले, "मी आयुष्यात गाडी चुकवलेली नाही." अर्ध्या तासाने दुसरी गाडी होती. पण ते ऐकतील तर शपथ.

त्यांची एकुलती एक लेक वंदना शिरपूरला दिलेली. शाळेत शिकवते. तिच्याकडे जायचं तरी हाच प्रकार. सकाळच्या गाडीने जायचं आणि साडेचारच्या गाडीने परत फिरायचं. लेकीच्या सासरी मुक्काम करायचा नाही, हा त्यांच्या घराण्यातला जुना नेम. अक्कांना राहावंसं वाटे, पण सव्वाचारला नाना पिशवी घेऊन दारात उभे.

तर टेन्शनचे प्रकार. गल्लीतल्या पाटीलबाईंचा मुलगा बारावीला होता तेव्हा त्यांनी स्वतः अन्न सोडलं. नानांनी निदान केलं, "जलद आहे. जोरात येतं, धूळ उडवतं, निघून जातं. तुम्ही फक्त रस्त्यातून बाजूला व्हा." पाटीलबाई आजतागायत त्यांच्याशी बोलत नाहीत. कोपऱ्यावर कूलर दुरुस्त करणारे रफिकभाई लेकीच्या लग्नाआधी म्हणाले, "नाना, खुशी का मामला है, फिर भी छाती में धडधड होती है." नाना म्हणाले, "ही वऱ्हाडाची गाडी. हौसेने ठरवलेली असते, तरी आतली माणसं ओकतातच." आणि चौधरी मास्तर. बांधकामाला पंचवीस वर्षं झाली तरी आपल्या घराचा स्लॅब पडेल की काय या काळजीत ते रोज टाचा उंचावून छताकडे बघतात. नाना म्हणाले, "हे विनावाहक. घंटी मारायला आत कोणी नाही, म्हणून गाडी थांबतच नाही." मास्तरांना ते इतकं आवडलं की आता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "मला विनावाहक आहे." डॉक्टरने लिहून दिल्यासारखं सांगतात.

रोजची किरकोळ टेन्शनं म्हणजे शटल. येतात, जातात, पुन्हा येतात. त्यांची नाना दखल घेत नसत. आणि सगळ्यात वाईट मुक्कामी. मुक्कामी गाडी संध्याकाळी खेड्यात पोहोचते ती रात्रभर तिथेच उभी राहते. "येताना सगळे बघतात," नाना सांगत, "मग गावाला सवय होते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. मुक्कामी टेन्शन असलेला माणूस टेन्शन आहे असं म्हणतच नाही, ताई." हे सांगताना ते हसत नसत. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण मी लक्ष दिलं नाही.

आता हे सगळं ऐकून घेतल्यावर कोणीही विचारेल, बरं नाना, मग उपाय काय? त्यावर उत्तर ठरलेलं, "उपाय माझ्या खात्यात येत नाही. मी कंट्रोलर. मी पुकारतो."

माझी तळपायाची आग मस्तकात जायची ती इथे. माणसाला उभं करायचं, खोदून खोदून विचारायचं, आणि शेवटी हात झटकायचे.

माझ्याकडे तेव्हा खरोखरच सांगण्यासारखं होतं, म्हणून जास्त राग यायचा. मी इथल्या एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात लिपिक आहे. आम्ही तिघी होतो. एक निवृत्त झाली, एक सोडून गेली, दोन्ही जागा भरल्याच नाहीत. त्यांची टेबलं माझ्या टेबलाला जोडून दिली. कार्यालयाचे प्रमुख असलेले आमचे सर म्हणाले, "थोडे दिवस ॲडजस्ट करा." दिवाळीपासून मी ॲडजस्ट करत होते. रविवारी दुपारी ग्रुपवर सरांचा निरोप यायचा, वर "तातडीचे" लिहिलेलं. मग मोबाइल नुसता वाजला तरी छातीत धस्स व्हायला लागलं, शेजारणीचा वाजला तरीसुद्धा. रोज सकाळी मी संस्थेच्या गेटपर्यंत जायचे आणि स्कूटर बंद करून बाहेरच उभी राहायचे. तळहात ओले व्हायचे. आत पाऊल टाकायला दहा मिनिटं लागायची. माझे यजमान धुळ्याला नोकरीला. शनिवारी यायचे तेव्हा मी हसूनखेळून खिचडी वाढायचे. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. अठरा वर्षांची नोकरी, परीक्षा देऊन मिळवलेली. मला ती सोडायची नव्हती, आणि धरवतही नव्हती. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

अशात नोटीस लागली. कर्मचाऱ्यांसाठी तणावमुक्तीचं व्याख्यान. रविवारी सकाळी दहाला. उपस्थिती सक्तीची. कुटुंबातला एक सदस्य सोबत आणावा. नंतर समूह छायाचित्र. म्हणजे उरलासुरला एक रविवार काढून घेऊन आम्हाला तणावातून मुक्त करणार होते. यजमान फोनवर म्हणाले, "मला नको बाई." ओट्यावरून आवाज आला, "कुटुंबातला सदस्य म्हणून मी येतो." नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती. रविवारी नाना इस्त्रीची सफारी घालून साडेनऊलाच माझ्या दारात हजर.

व्याख्याते बाहेरगावचे, तरुण, कानाला माइक लावलेले. त्यांनी प्रत्येकाला एक फुगा दिला. फुग्यावर टेन्शन लिहा आणि फोडा. चाळीस माणसं फटाफट फुगे फोडत होती आणि शिपाईमामा मागून तुकडे गोळा करत होते. मग डोळे मिटून समुद्र बघायला सांगितला. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन, सभागृहातले दोन पंखे बंद, आणि आम्ही समुद्र बघतोय. शेवटी व्याख्याते म्हणाले, "ताण बाहेर कुठेच नसतो, तो आपल्या बघण्यात असतो." पहिली टाळी सरांनी वाजवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती तीन टेबलं माझ्या बघण्यात नव्हती, ती सागवानी होती.

"काही शंका?" व्याख्यात्यांनी विचारलं, आणि नाना उभे राहिले. त्यांना माइकची गरज नव्हती.

"साहेब, गाडीला उशीर झाल्यावर प्रवाशाने काय करावं ते तुम्ही छान सांगितलं. डोळे मिटावेत, फुगा फोडावा. पण गाडी कुठून सुटते ते सांगितलं नाही. या ताईंच्या टेबलावर तीन माणसांचं काम आहे. त्यांचं टेन्शन रोज सकाळी दहाला याच इमारतीतून सुटतं. आणि टायरमधली हवा सोडणारे पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवताहेत."

व्याख्याते सरांकडे बघायला लागले. सरांनी माझ्याकडे बघितलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. छायाचित्रात मी शेवटच्या रांगेत आहे, अर्धीच दिसते.

सोमवारी सरांनी बोलावलं. "घरची माणसं आणून त्यांच्या तोंडून बोलता? काम जमत नसेल तर तसं लिहून द्या." आणि प्रवेशाचं ऑनलाइन कामही माझ्याकडे दिलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तीन वाजता घरी आले. उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी येत होती. ओट्यावर नाना होतेच.

"ताई, आज लवकर? कुठून सुटलं?"

तोपर्यंत मी कोणावरही आवाज चढवला नव्हता, ना सरांवर, ना घरच्यांवर. तो सगळा नानांवर चढवला. "तुम्ही पुकारता आणि घरी जाता, नाना. फलाटावर उभं मला राहायचं असतं. कोणी सांगितलं होतं तुम्हाला तिथे तोंड उघडायला? आजपासून माझी चौकशी करायची नाही." ते खाली मान घालून ऐकत होते. त्यांना गप्प बसवायला मी त्यांचीच भाषा वापरली. "आणि काळजी करू नका. शटल आहे. येईल आणि जाईल."

नानांचा चेहरा पडला. मी दार लावून घेतलं.

पाणी पिऊन खिडकीतून बघते तर नाना माझ्या पायरीवर बसलेले. आमच्या पायरीवर दुपारी सावलीचा टिपूस नसतो. वाटलं, उठतील. अर्धा तास झाला, तासाला दहा मिनिटं कमी राहिली. माझा राग आणखी वाढला. चूक यांची, आणि उपोषण माझ्या दारात. लोक काय म्हणतील? शेवटी अक्का आल्या, डोक्यावर पदर, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चहाची किटली. त्यांनी छत्री उघडून नानांच्या हातात दिली आणि त्या आत आल्या.

"अक्का, त्यांना घेऊन जा ना," मी म्हटलं.

"बठू दे त्यासले, माय," अक्का म्हणाल्या. "तू शटल म्हननीस ना. वंदीबी शटलच म्हनेल व्हती."

मग त्यांनी सांगितलं. नानांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. तेव्हा नाना टेन्शन या शब्दाची टिंगल करायचे. ज्याला त्याला टेन्शन कसं येतं म्हणून. एक दिवस ड्युटीवर निघताना वंदनाचा फोन आला. "नाना, माले भलतं टेन्शन येस." नानांनी घड्याळ बघितलं. गाडीची वेळ झाली होती. ते हसले आणि म्हणाले, "शटल व्हई. येई नि जाई." ती म्हणाली, "हा नाना, शटलच शे." नानांनी फोन ठेवला आणि गाडी गाठली.

चार महिन्यांनी जावयांचा फोन आला. वंदना जेवत नव्हती, कोणाशी बोलत नव्हती, शाळेत जाणं सोडलं होतं, मागच्या दारात भिंतीकडे तोंड करून दिवसभर बसायची. धुळ्याच्या डॉक्टरांकडे वर्षभर उपचार झाले. आता बरी आहे. शाळा सुरू आहे. दर रविवारी फोन करते. "बरं शे, नाना," म्हणते. पण टेन्शन हा शब्द तिने बापाजवळ पुन्हा काढला नाही. तेव्हा नक्की काय झालं होतं, तेही कधी सांगितलं नाही.

"मुक्कामीनं नाव त्यासनी तवयपाशी काढं," अक्का म्हणाल्या. "तिले इचारता येत नही, म्हनीसन बठ्ठी गल्लीले इचारतस." त्यांनी किटलीतला चहा दोन कपांत ओतला.

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मला माझीच लाज वाटली. मी दोन कप घेऊन बाहेर गेले आणि नानांच्या शेजारी तापलेल्या पायरीवर बसले.

"नाना, शटल नाही. मुक्कामी आहे. दिवाळीपासून."

"माहीत शे, माय," नाना म्हणाले. पहिल्यांदाच मला माय म्हणाले. "एक महिना व्हयना, रोज तुना गेटसमोर चहा पेस मी. टपरीवर. तुनी गाडी दहा मिनिटं उभी ऱ्हास. शनवारी चौदा व्हयनी."

"मग सगळं माहीत असताना रोज विचारत का होतात, कुठून सुटलं म्हणून?"

"तू सांगशी म्हनीसन."

त्यांच्यासमोर मी पदराने तोंड झाकून रडले. त्यांनी छत्री माझ्याकडे सरकवली.

संध्याकाळी मी यजमानांना फोनवर सगळं सांगितलं. ते शनिवारची वाट न बघता मंगळवारी आले आणि मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. सर म्हणाले होते ना, लिहून द्या? दिलं लिहून. तीन माणसांचं काम एका माणसाकडून होत नाही, दोन जागा भराव्यात, असं सहीशिक्क्यानिशी दिलं आणि प्रत वर पाठवली. राजीनामा फाडून टाकला. सर तेव्हापासून माझ्याशी फायलीकडे बघून बोलतात. एका जागेवर हंगामी मुलगी आली आहे. दुसरी अजून रिकामी आहे, आणि माझा राग अजून उतरलेला नाही. पण स्कूटर आता गेटबाहेर उभी राहते ती दोन मिनिटं. नानांनी मोजलं आहे.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. वंदनाने यंदाही फोनवर "बघू नाना" एवढंच सांगितलं. मी नानांना म्हटलं, "माझ्या पायरीवर तासभर उन्हात बसलात. खरं कोणाच्या पायरीवर बसायला हवं होतं?" नानांनी एकदम पुकारायचा आवाज लावला. "आखाजीला बाप लेकीच्या दारात जातो का? आणि तिथे मुक्काम करत नाहीत आम्ही." मी म्हटलं, "करू नका. इथूनच पुकारा." अक्का आतून म्हणाल्या, "सांजोऱ्या करी ठेवेल शेतस. डबाबी भरेल शे." विषय संपला.

आखाजीच्या सकाळी दोघं शिरपूरच्या गाडीने गेले. त्या संध्याकाळी घराला कुलूपच होतं. दुसऱ्या दिवशी कुलूप, तिसऱ्या दिवशीही कुलूप. ओट्यावरून कोणी काही विचारत नाही म्हटल्यावर गल्लीला चुकल्यासारखं व्हायला लागलं. चौधरी मास्तर दोनदा येऊन बघून गेले. माझ्या जिवाला घोर लागला, आणि चीडही आली, की एक फोन करायला काय होतं यांना?

चौथ्या दिवशी दुपारी दोघं आले. नाना ओट्यावर टेकले. मी पाणी नेऊन दिलं आणि विचारलं, "चार दिवस, नाना? काय झालं?"

"निघालो होतो त्याच दिवशी," नाना म्हणाले. "सव्वाचारला दारात उभा राहिलो, पिशवी हातात. वंदी पाया पडली. उठली नि म्हणाली, नाना, माले आजूनबी टेन्शन येस."

"मग तुम्ही विचारलंत, कुठून सुटलं?"

"नाही."

"मग काय म्हणालात?"

"काही नाही. पिशवी खाली ठेवली."

त्यांनी तांब्यातलं पाणी संपवलं.

"आणि साडेचारची गाडी?" मी विचारलं.

"गयी," नाना म्हणाले.